जपूनरावचं फाटक

आमच्या संस्थेत एक माणूस आहे. तो खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून बघतो. खोलीला कुलूप लावलं की ओढून बघतो, जिना उतरतो, परत चढतो, परत ओढतो. चहा दिला की आधी कपाला बोट लावणार. कोणी घाईने जिना उतरताना दिसलं की याच्या तोंडून आपोआप निघतं, "जपून!" पगाराच्या कागदावर त्याचं काहीतरी बरंसं नाव असेल, पण आम्ही सगळे त्याला जपूनराव म्हणतो. हे नाव मीच ठेवलं. माझी जीभ जरा तिखट आहे. तो ते ऐकून हसायचा, तेही जपून.

मी हेल्पलाइनवर बसते. घरात मार खाणाऱ्या, कोंडून ठेवलेल्या बायकांचे फोन आमच्याकडे येतात. संस्थेचा एक दवाखाना आहे, पाच-सात गाड्या आहेत, आणि अशा बायकांना लपवून ठेवायला एक घर आहे. त्याला आम्ही निवारा म्हणतो. निवारा कुठे आहे हे आमच्या संचालक मोठ्या बाई आणि तिथेच राहून सगळं बघणाऱ्या काकू, या दोघींनाच ठाऊक. आम्हा फोनवाल्यांनाही नाही. गाडीने बाईला ठरलेल्या चौकात सोडायचं, तिथून काकू तिला घेऊन जाणार. चालकांनी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही. सांगणार काय, कपाळ? आम्हाला माहीतच नव्हतं.

जपूनरावची खोली आमच्या खोलीला लागून, मध्ये नुसती काच. आत यंत्रांचा एकसारखा घों-घों आवाज आणि अंगात हुडहुडी भरेल असा गारठा. हा पठ्ठ्या भर उन्हाळ्यात तिथे कानटोपी घालून बसायचा. त्याच्या ताब्यात संस्थेचं फाटक होतं. लोखंडाचं नव्हे. गाड्यांच्या पाळ्या, दवाखान्याच्या नोंदी, आमचा हेल्पलाइनचा पडदा, पगार, अशी संस्थेची जेवढी म्हणून अ‍ॅप्स होती, त्या सगळ्यांच्या पुढे एकच दार. कोणीही आलं की ते आधी विचारणार, तू कोण? नाव आणि पासवर्ड पटला की मग बघणार, तुला कुठल्या खोलीत जायची मुभा आहे? तेवढीच खोली उघडणार. त्याचं इंग्रजी नाव अ‍ॅक्सेस प्रॉक्सी, पण ते कोण म्हणत बसणार? आम्ही फाटकच म्हणायचो.

आधीच्या काळात या फाटकाला नवीन अ‍ॅपची ओळख करून द्यायची तर मोठा सोहळा असायचा. जपूनराव एका फाइलमध्ये त्या अ‍ॅपचं नाव, पत्ता आणि कोणाकोणाला मुभा हे लिहायचा. मग अख्खं फाटक बंद करून पुन्हा चालू करायचं, म्हणजे रीस्टार्ट. तेवढा वेळ संस्थेतला प्रत्येक माणूस बाहेर फेकला जायचा. आमचे पडदे काळे, गाड्यांचा नकाशा गायब. म्हणून हा आदल्या दिवशीपासून प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन हात जोडायचा. आणि रीस्टार्टच्या आधी आमच्या खोलीत येऊन ती फाइल मला मोठ्याने वाचून दाखवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण "आत कोण येणार?" हे मी दर वेळी विचारायचे, कारण तेवढं एकच मला विचारता यायचं, आणि तो बोट ठेवून नावं वाचायचा.

एकदा असंच फाटक बंद असताना एका बाईचा फोन आला. तिच्या जवळ कुठली गाडी आहे ते मला दिसेना. मी आंधळ्यासारखी एकेका चालकाला फोन लावत बसले. ती बाई वाचली, पण तिचा हात गेला. त्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन असं काही भांडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. बरोबरच भांडले. त्यानंतर हुकूम निघाला की यापुढे कोणत्याही कारणासाठी फाटक बंद करायचं नाही. करायचंच झालं तर मोठ्या बाईंची लेखी परवानगी हवी.

मग बाहेरून एक इंजिनियर आला. बूट न काढता बोलणारा, सगळं सोपं आहे म्हणणारा. त्याने नवी सोय करून दिली. आता नवीन अ‍ॅप आलं की एक पान उघडायचं, त्यात त्याचं नाव आणि पत्ता भरायचा, एक बटण दाबायचं. फाटक चालूच राहतं. कोणी बाहेर फेकलं जात नाही, कोणाला कळतही नाही. दाबल्या क्षणी नवीन खोली तयार, आणि ज्यांना मुभा आहे त्यांच्या पानावर तिचा चौकोन आपोआप उमटतो. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. जपूनरावला मात्र ते पचेना. मला म्हणाला, "मावशी, आधी चूक केली तर फाटक चालूच व्हायचं नाही, सगळे बोंब मारायचे. आता चूक केली तर आवाजच येणार नाही."

"तुला आवाज नाही आला तरी भीती, आला तरी भीती," मी म्हटलं. "जरा माणसासारखा जग."

पण त्याच्या भीतीला कारण होतं, आणि ते कारण आमच्याच गाड्या चालवत होतं.

त्याची थोरली बहीण म्हणजे ताई. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं. ताईचा नवरा संस्थेत चालक. हा त्याला दाजी म्हणायचा, अजूनही म्हणतो. उंच, स्वच्छ कपड्यांचा, सगळ्यांशी गोड. बायकोशी कसा होता ते आम्हाला एका दुपारी कळलं. ताई दोन जिने चढून भावाकडे आली तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता. अख्ख्या शहरात बायकांना लपवणारी जागा एकच, ती आमची. मोठ्या बाईंनी तिला मागच्या जिन्याने नेलं. तक्रार द्यायची तिची छाती झाली नाही, म्हणून गाड्यांच्या विभागाला काही सांगता आलं नाही. दाजीची नोकरी चालूच राहिली. बायको रुसून कुठल्याशा नातलगांकडे गेलीय असं तो लोकांना सांगायचा.

रोज जेवणाच्या सुट्टीत तो जपूनरावच्या शेजारी येऊन बसायचा. खांद्यावर हात टाकायचा. "ताई बरी आहे ना रे? तिला म्हणावं, घर खायला उठतं." असं अगदी मऊ आवाजात. जपूनरावचा घास तोंडातच राहायचा. "मला माहीत नाही हो दाजी, खरंच," एवढंच तो म्हणायचा. आणि ते खरं होतं, म्हणून तर तो जिवंत राहत होता. नातलगांना पत्ता सांगायचा नाही हा नियम त्याने स्वतः मोठ्या बाईंकडून दोनदा वदवून घेतला होता. बहिणीचा आवाजही त्याने तेव्हापासून ऐकला नव्हता.

तर त्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. निवाऱ्याच्या दारावर कोणीतरी अनोळखी माणूस दोन-तीनदा ठोकून गेला होता, काकू घाबरल्या होत्या. म्हणून तिथे कॅमेरा आणि विजेचं कुलूप बसवलं होतं. कॅमेऱ्यात दार बघायचं, ओळखीचं माणूस असलं की पडद्यावरचं बटण दाबायचं, कुलूप उघडणार. मोठ्या बाईंना ते इथून दिसायला हवं होतं. "एवढं फाटकाला जोडून दे," म्हणाल्या, आणि गावाबाहेर सभेला निघून गेल्या.

जपूनरावने पान उघडलं. नाव घातलं, दार. पत्ता घातला, तो यंत्राचा पत्ता, गल्लीचा नव्हे. खाली एक रकाना होता, मुभा कोणाला? तो भरायच्या आधी त्याने, कॅमेरा मुळात जोडला जातोय की नाही हे बघावं म्हणून, बटण दाबलं. मग भरू, चालू असतानाच भरता येतं. इंजिनियरने तसंच शिकवलं होतं.

चित्र आलं. एक पायरी, तिच्यापुढे गल्लीचा तुकडा, समोर निळ्या पट्ट्यांचं बंद शटर, मागे पाण्याची टाकी. आणि दार उघडून एक बाई बाहेर आली. पायरीवर ओलं पायपुसणं झटकलं, कठड्यावर वाळत घातलं, कमरेवर हात ठेवून क्षणभर उन्हात उभी राहिली. ती ताई होती.

मला काचेतून एवढंच दिसलं की जपूनराव दोन्ही हात तोंडावर दाबून बसलाय. मला वाटलं याची दाढ दुखतेय. तो नंतर म्हणाला, "मावशी, ती जाड झाली होती थोडी. बरं वाटलं हो." ती आत गेली तरी तो त्या रिकाम्या पायरीकडे बघत राहिला. डोळे पुसले. आणि मग त्या चित्राची खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात तशीच उघडी ठेवून दुसऱ्या कामाला लागला. तो रकाना रिकामाच राहिला.

रकाना रिकामा म्हणजे कोणालाच मुभा नाही असं तुम्हा-आम्हाला वाटेल. फाटकाला तसं वाटत नव्हतं. रिकामा म्हणजे, ज्याच्याकडे संस्थेचा पासवर्ड आहे तो कोणीही. आणि जपूनरावला हे कळणार कसं? त्याला सगळ्याच खोल्यांची मुभा. त्याच्यासाठी दार उघडणारच होतं.

जेवणाची सुट्टी संपली. रुग्णवाहिकेचा म्हातारा चालक पाणी प्यायला आमच्या खोलीत आला. "मावशी," तो म्हणाला, "आमच्या मोबाइलवर हे नवीन काय आलंय? दार म्हणून चौकोन आहे. दाबलं तर कुठलीशी गल्लीच दिसतेय."

मला फाटकातलं काही कळत नाही, पण गल्ली हा शब्द कळतो. मी हेडफोन फेकला आणि काचेच्या पलीकडे धावले.

"जपून, त्या दाराला मुभा कोणाला आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. कानटोपीखाली तो चेहरा मेणाचा वाटत होता. त्याचे हात झरझर चालले. पान उघडलं, नोंद काढून टाक म्हणून बटण दाबलं. चौकोन गेला. म्हाताऱ्याच्या मोबाइलवरूनही गेला, त्याने दाखवला. फाटक थांबलं नाही, कोणाचं काही अडलं नाही. मी तिथल्या स्टुलावर बसकण मारली. "झालं ना? सुटलो?" मी म्हटलं.

जपूनराव कोपऱ्यातल्या खिडकीकडे बघत होता. तिथे पायरी होती, कठड्यावर पायपुसणं होतं. दार उघडून ताई बाहेर आली आणि पायपुसणं उलटं करून गेली.

"मावशी," तो पुटपुटला, "नोंद काढली तर मग ताई मला अजून दिसतेय कशी?"

त्याने इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "हो, नवीन कोणाला आत जाता येणार नाही. पण जे आधीच आत आहेत, त्यांची जोडणी चालू राहते. कोणाचं काम मध्येच तुटू नये म्हणूनच तर ही सोय." मग आत कोण कोण आहे? जपूनरावने यादी उघडली. वर त्याचं स्वतःचं नाव. दोघं-तिघं येऊन, बघून, गेलेले. आणि खाली एक नाव, अजून आत. दाजी.

त्याने दाजींचं लॉगिन रद्द केलं. यादीतलं नाव हललं नाही. पुन्हा केलं. नाव तिथेच. "उघडी जोडणी फक्त रीस्टार्टनेच तुटते," फोनवरून इंजिनियर म्हणाला. "पण ते करू नका, मोठ्या बाईंना विचारा आधी." मोठ्या बाईंचा फोन बंद, सभेत. त्यावर मी त्या इंजिनियरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी माझ्या जागेवर परत धावले. नकाशावर दाजींची गाडी शोधली. तिची पाळी दवाखान्यात होती, ती दवाखान्यासमोर उभी असायला हवी होती. ती उभी नव्हती. टाकी असलेल्या बाजूला, जुन्या वस्तीच्या दिशेने सरकत होती. चौकात थांबली, मागे आली, दुसऱ्या गल्लीत शिरली. माणूस कोणाचं तरी घर शोधताना अशी गाडी चालवतो. गाड्या हाकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला निळ्या पट्ट्यांचं एक शटर आणि एक टाकी पुरे.

काकूंचा नंबर माझ्याकडे होता, फक्त अगदी गळ्याशी आलं तर लावायचा असा. मी लावला, स्पीकरवर टाकला. "काकू, दाराला आतून कडी घाला. आत्ता. ताईचा नवरा येतोय."

"कडी?" काकू म्हणाल्या. "कडी कुठली आता? कुलूपवाल्याने काढून नेली. त्याच जागी ते यंत्र बसवलंय."

"मग त्याची वीज बंद करा!"

"अगं, वीज गेली की ते आपोआप उघडतं. आग लागली तर बायका आत अडकू नयेत म्हणून. त्याने दोनदा बजावलंय, बटणाला हात लावू नका."

म्हणजे त्या दारावर हुकूम चालत होता तो फक्त पडद्यावरच्या बटणाचा. आणि ते बटण दाजींच्या हातात होतं. काकूंनी शिवणाचं मशीन दाराला लावायला घेतलं. ते फरशीवर खरडल्याचा आवाज फोनमधून आला. मागे बायकांची कुजबुज. कोणीतरी दुसऱ्या फोनवरून पोलिसांना पत्ता सांगत होतं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा.

जपूनराव माझ्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याची पाचावर धारण बसली होती. माझ्या नकाशावर गाडी दिसत होती, त्याच्या खिडकीत पायरी. फाटक बंद केलं तर दाजींच्या हातातलं बटण जाईल, पण नकाशाही जाईल, पायरीही जाईल. दाजी कुठे पोचले, दार उघडलं की नाही, काही काही दिसणार नाही. इतर बायकांचे फोन येतील ते वेगळंच. शिवाय फाटक मध्येच नाहीसं झालं तर ते कुलूप बंद राहणार की वीज गेल्यासारखं उघडणार, हे कोणाला माहीत होतं? मी विचारलं. तो म्हणाला, "मला नाही माहीत, मावशी. मला नाही माहीत."

"मी इकडची बाजू बघते," मी म्हटलं. सगळ्या गाड्या कुठे आहेत ते हातावर पेनने उतरवून घेतलं, दोघी सहकाऱ्यांना ओरडून सांगितलं की पडदे जाणार. "जा. बंद कर."

काकूंचा चालू फोन हातात घेऊन त्याच्या मागोमाग मीही गेले. कोपऱ्यातल्या खिडकीत पायरी तशीच होती. कठड्यावर पायपुसणं. आणि चित्राच्या डाव्या कडेने पांढरं काहीतरी आत सरकलं. आधी बंपर, मग दिवा, मग आमच्या संस्थेचं चिन्ह. आमचीच गाडी. गाडीचं दार उघडलं, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट दिसला. माणूस पायरीपाशी आला, खिशातून मोबाइल काढला आणि अगदी सावकाश, घरी आल्यासारखा, अंगठा त्याच्यावर नेला.

"दाब!" मी किंचाळले.

त्याने दाबलं.

सगळं काळं झालं. माझ्या खोलीतले पडदे गेले, दवाखान्यातून आरडाओरडा सुरू झाला, टेबलावरचे फोन वाजू लागले. माझ्या सहकारी "थांबा बाई, तोंडी सांगा, तोंडी सांगा," म्हणत होत्या. आणि आमच्यापाशी उरला होता तो फक्त काकूंचा फोन. आम्ही दोघं त्याच्यावर डोकी टेकवून ऐकत बसलो.

आधी काहीच नाही. नुसते श्वास. मग एक खट्ट असा आवाज आला. उघडल्याचा की बंद राहिल्याचा, कसं कळणार? जपूनरावने माझं मनगट धरलं, त्याची नखं रुतली. मग दाजींचा आवाज, तोच मऊ आवाज, दाराच्या आतून की बाहेरून ते कळेना. "उघड की. मी न्यायला आलोय. किती दिवस लोकांच्या दारात राहणार?" मग दारावर धक्का. पुन्हा धक्का. मशीन हललं. एक बाई रडायला लागली. आणि ताईचा आवाज, अगदी फोनजवळ, घोगरा. "काकू, कपाट ओढा. कपाट ओढा आधी."

"ताई," जपूनराव म्हणाला. नियम मोडला त्याने. "ताई, जपून."

ताईने फोन हिसकावला. "तू? तू कुठे आहेस? तुला दिसतेय का मी? तो आत येतोय का? सांग ना, तुला दिसतंय का?"

"आता नाही दिसत गं," तो म्हणाला. "मीच बंद केलं."

दारावरचे धक्के वाढले, गल्लीत कोणीतरी शटर वर ओढलं, माणसांचे आवाज आले, मग भोंगा. कुलूप उघडलं नव्हतं. ते खट्ट दाजींनी बाहेरून मूठ फिरवल्याचं होतं. हे आम्हाला फार नंतर, काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच की भोंगा अगदी जवळ आला आणि धक्के थांबले. जपूनराव तिथेच फरशीवर बसला आणि त्याला उलटी झाली.

दाजींना पोलिसांनी नेलं. ते सुटतील, सुटलेही असतील. अशी माणसं सुटतात. या वेळी ताईने तक्रार दिली, पण निवारा त्याच संध्याकाळी रिकामा करावा लागला. सगळ्या बायका पिशव्या घेऊन पुन्हा बेघर. मोठ्या बाई जपूनरावला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "रकाना कसा राहिला?" तो म्हणाला, "ताई दिसली." मला मात्र राग आला, त्याचा नव्हे, कोणाचा ते मला सांगता येत नाही. चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. दाराची घंटा वाजली की दचकत होते. रस्त्याने पांढरी गाडी मागून आली की भिंतीला चिकटत होते. मी, जिला सगळे फटाकडी म्हणतात.

नवीन निवारा मिळाला. कुठे ते मला माहीत नाही. काकूंनी त्याला आधी आतून लोखंडी कडी बसवून घेतली, मग यंत्र. पण कॅमेरा हवाच होता, आणि तो फाटकाला जोडायचा तर जपूनरावशिवाय कोण होतं? त्याने मोठ्या बाईंना शेजारी बसवलं, मला मागे उभं केलं. पान उघडलं. सगळ्यात आधी मुभेचा रकाना भरला. मोठ्या बाई, काकू. मग दुसरा रकाना उघडला, कोणाला कधीही मुभा नाही. त्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. त्या एका दाराचे रकाने बदलायची मुभाही फक्त मोठ्या बाईंच्या नावावर करून दिली, म्हणजे पुढे मन बदललं तरी त्याला ते नाव काढता येणार नाही.

"अरे, तुझं कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तू कधीतरी बघितलंस तिला तर काय बिघडतं? लांबून."

"मी बघत बसतो," तो म्हणाला.

त्याने बटण दाबलं. कुठेही आवाज झाला नाही, कोणाचं काही थांबलं नाही. मोठ्या बाईंच्या मोबाइलवर चौकोन उमटला. त्यांनी तो उघडला, बघितला, आणि मोबाइल पटकन पदराआड घेतला. त्या चित्रात कोण होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं.

"आता तुझ्यावरून बघ," त्या हळूच म्हणाल्या.

जपूनरावने स्वतःच्या नावाने आत जाऊन दाराचा पत्ता हाताने टाइप केला. पडद्यावर पांढरं पान आलं आणि त्यावर एकच ओळ. तुम्हाला इथे प्रवेश नाही. त्याने ती वाचली. पान ताजं करून पुन्हा वाचली.

"बरोबर चालतंय," तो म्हणाला, आणि कानटोपी डोळ्यांवर ओढून घेतली.